हनुवटीखालचं भोक

आमच्या शाळेतले इतिहासाचे मास्तर भर बाजारात बायकांच्या गळ्याकडे टक लावून बघत, आणि अख्ख्या धुळ्यात त्यांच्याइतका नाकासमोर चालणारा माणूस दुसरा नव्हता. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. दोन्ही एकाच माणसाविषयी आहेत हे लोकांना पटवण्यात त्यांच्या बायकोची निम्मी हयात गेली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणत असू.

मास्तरांना जुन्या नाण्यांचं वेड होतं असं आजही लोक सांगतात. ते चूक आहे. नाण्यांचं वेड असलेले लोक मी पाहिले आहेत. ते मखमलीच्या पेटीत नाणी ठेवतात आणि तुम्ही जवळ गेलात की श्वास रोखायला सांगतात. मास्तरांना नाण्यातल्या भोकांचं वेड होतं. चलनातून बाद झालेलं नाणं कोणीतरी उचलतं, त्याला भोक पाडतं, कडी बसवतं, कड घासतं, ठोकून चपटं करतं आणि गळ्यात, कमरेत, बैलाच्या कपाळावर बांधतं. हे जे नंतरचं आहे, ते त्यांना हवं असे. ते म्हणत, "नाणं चालतं आहे तोवर राजाचं. बाद झालं की माणसांचं. राजाविषयी पुस्तकं पुष्कळ आहेत."

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा, त्याच शाळेत चित्रकलेचा मास्तर. घराणं धरणगावच्या सोनारांचं. वडिलांना मोतीबिंदू झाला, दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी भट्टी बंद केली आणि हत्यारांची पेटी माझ्याकडे धुळ्याला पाठवून दिली. मास्तर मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय ड्रॉइंग?" एवढंच. मी सोनाराचा मुलगा हे कळल्यावर मात्र त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्या घराने किती भोकं पाडली असतील हो!" असं कौतुक आमच्या घराचं आधी कोणी केलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. नाणं गळ्यातून काढायचं नाही, विकत घ्यायचं नाही. जागच्या जागी लाखेवर ठसा घ्यायचा आणि नमस्कार करून निघायचं. खिशात लाखेची कांडी, मेणबत्तीचा तुकडा आणि आगपेटी. आता विचार करा, अनोळखी गावात एक गृहस्थ काळा कोट घालून येतात, बाईच्या गळ्याकडे बघतात आणि खिशातून मेणबत्ती काढतात. बोरकुंडच्या बाजूला त्यांना देवी टोचणारा समजून अख्खी गल्ली पोरं घेऊन शेतात पळाली. एका गावी मुलगी बघायला आले समजून पोहे दिले. मास्तरांनी पोहे खाल्ले, मुलीच्या आजीचा गळा पाहिला आणि उठले. त्या घरात ते स्थळ आजतागायत शिव्या खातं.

म्हणून अक्का बरोबर जाऊ लागल्या. अक्का फैजपूरकडच्या. बोलणं रोखठोक. शिंदखेड्याच्या बाजारात एका भाजीवालीने मास्तरांवर वांगी फेकायला सुरुवात केली तेव्हा अक्का मध्ये उभ्या राहिल्या.

"बाई, वांगी वाया घालवू नको. हे माझे मालक आहेत. वीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या गळ्यात काय आहे ते विचार यांना. सांगता येणार नाही."

"का नाही सांगता येणार?" मास्तर दुखावून म्हणाले.

"सांगा मग."

मास्तर वांग्यांकडे बघत म्हणाले, "भोक नसलेलं काहीतरी असेल." भाजीवाली इतकी हसली की तिने आपण होऊन गळ्यातली माळ पुढे केली, आणि वर दोन वांगीही दिली.

वर्गातही हेच. पोरं त्यांना पाठीमागे काय म्हणत ते इथे लिहीत नाही. विषयावरून कोणालाही सुचेल असंच होतं. एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं, "अकबराने काय केलं?" पहिल्या बाकावरचा पोरगा ताडकन उठून म्हणाला, "साहेब, अकबराला आमच्या नंदुरबारला नावाच्या वर भोक पाडलं!" साहेबांनी शेरा काय लिहिला ते हेडमास्तरांनी कोणाला दाखवलं नाही. मास्तरांनी मात्र त्या पोराला जवळ बोलावून सांगितलं, "नावाच्या वर नाही, खाली. तेवढं लक्षात ठेव."

जळगावला एका जिनिंगवाल्या शेठजींकडे सोन्याचांदीच्या नाण्यांचा मोठा संग्रह होता. त्यांनी मास्तरांना मुद्दाम बोलावलं, मीही गेलो. शेठजी एकेक खण उघडत होते आणि मास्तर लग्नात जेवण उशिरा मिळालेल्या पाहुण्यासारखे बघत होते. शेवटी शेठजींनी विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगली आहेत. पण सगळी बिनलग्नाची," मास्तर म्हणाले. "यांचं काही झालंच नाही."

परत निघताना फाटकाशी शेठजींची बकरी बांधलेली होती. तिच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात, कड घासलेला एक तांब्याचा पैसा. मास्तर मातीत बसले. बकरीला मेणबत्ती आवडली नाही. शेठजींचे मुनीम, शेठजी आणि मी असे तिघं बकरी धरून उभे होतो आणि मास्तर ठसा घेत होते. शेठजी नंतर कोणाला तरी म्हणाले म्हणे, की संग्रह दाखवला माझा आणि वाखाणली बकरी.

माझ्या लग्नाचंही सांगून टाकतो. मांडव सगळा सोनारांचा. नवरीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. सासऱ्यांनी नवी म्हणून सांगितलेली. ती नवी नाही हे मांडवातल्या प्रत्येक सोनाराला दारातूनच दिसलं होतं, पण बोलायचं नाही हा आमच्यातला रिवाज. मंगलाष्टक संपलं, वाजंत्री थांबली आणि त्या नेमक्या शांततेत मास्तर आनंदाने म्हणाले, "वा ड्रॉइंग, नशीबवान आहात! प्रत्येक पुतळीला दोनदा भोक पाडलंय. निदान पणजीपासूनच्या आहेत." माझ्या आईने त्या दिवशी पान वाढून घेतलं नाही. माझी बायको म्हणते, लग्नात तिच्या माहेरविषयी खरोखर चांगलं बोललेला तो एकच माणूस.

इथपर्यंतचं मी पुष्कळांना सांगितलं आहे. मैफलीत लोक हसतात. पुढचं मी आजवर नीट सांगितलेलं नाही, आणि जेवढं सांगितलं तेवढं खोटं सांगितलं.

मास्तरांचा एक सिद्धान्त होता. सोनार दागिना करतो तेव्हा भोक चित्राच्या डोक्यावर पाडतो, म्हणजे लटकवल्यावर समोरच्याला चित्र सरळ दिसतं. पण रोगराईसाठी, दृष्टीसाठी, दात येणाऱ्या पोरासाठी घरच्या बायकांनी जी नाणी ओवली, त्यांत भोक चित्राच्या पायाशी असतं. समोरून बघणाऱ्याला राजा उलटा टांगलेला दिसतो. पण जिच्या गळ्यात आहे तिने अंगठ्याने नाणं जरा वर उचललं की राजा तिच्यासमोर सरळ उभा. "दागिना जगासाठी असतो, ड्रॉइंग. ताईत आपल्यासाठी. हे कोणत्याच पुस्तकात नाही. हे फक्त भोकात आहे." या एका गोष्टीवर त्यांनी पंधराएक वर्षं खांदेश तुडवला होता आणि एक लेख लिहिला होता.

पुण्याचे एक थोर विद्वान जुनी कागदपत्रं बघायला धुळ्याला यायचे होते. मास्तरांनी त्यांना लेख पाठवला. उत्तर आलं की लाखेवरचा ठसा म्हणजे ऐकीव साक्ष. एक तरी नाणं प्रत्यक्ष दाखवा, तुमचं म्हणणं पटलं तर आमच्या त्रैमासिकात छापू. मास्तर दोन दिवस आपल्या नियमाशी झगडले. मग म्हणाले, "चला. एकदाच."

शिंदखेड्यापासून बैलांच्या दमणीने दोन तासांवर एक गाव आहे. तिथे एका म्हातारीच्या घरी मास्तरांना ठाऊक असलेलं एक नाणं होतं; आम्ही तिघं तिकडे गेलो. मास्तर म्हणत ते रोमचं, काशाचं. कधी काळी व्यापारी घेऊन आले असतील. एका बाजूला मोत्यांची पट्टी बांधलेला राजा. दुसऱ्या बाजूला एक शिपाई घोड्यावरून पडणाऱ्या माणसाला भाला मारतो आहे. म्हातारीच्या मते तो घोडेस्वार म्हणजे खंडेराव. सगळ्या खाचांत हळद बसलेली. घरातल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात, दात येईतो, ते बांधायचं. तेव्हा तिचा नातू चार महिन्यांचा होता.

"आजी, हा खंडेराव," मास्तरांनी विचारलं, "मग हा भाला मारणारा कोण?"

"तो भगत शे," म्हातारी म्हणाली. "देवना भाला पुशी राह्यना."

देवाचा भाला पुसणारा भगत, हे मास्तरांनी लगेच टिपून घेतलं. विद्वानांनी त्यावर पुढे काही म्हटलं नाही. पण मला अजून ते रोमच्या खुलाशापेक्षा बरं वाटतं.

राजाच्या हनुवटीखाली भोक. वर्षानुवर्षं दोरा घासून ते लांबट झालेलं. कडेपाशी केसाएवढा धातू उरलेला. म्हातारी नाणं द्यायला तयार होती, पण परतीच्या बोलीवर आणि तारण ठेवून. म्हणाली, "चंपासठना पहिले लई या. आनि मास्तर, तुमी काय ठेवशात?"

मास्तरांनी खिसे चाचपले. लाख, मेणबत्ती. मग त्यांनी नाकावरचा चष्मा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना आपला हातसुद्धा अंदाजाने सापडत असे. "जसं आहे तसं परत आणीन," ते म्हणाले, "विद्येची शपथ." अक्का डोक्याला हात लावून दमणीत जाऊन बसल्या.

पुढचे बारा दिवस धुळ्यात मौज होती. मास्तरांनी हेडमास्तरांना शिपाई समजून घंटा द्यायला सांगितलं. खांबाला 'माफ करा' म्हणाले. अक्का आमटीची वाटी हातात देताना "ही वाटी, हा हात, हे तोंड" असं म्हणत. नाणं त्यांनी माझ्याकडे दिलं. "मला दिसत नाही. तुम्ही मोठं चित्र काढा, दोन्ही बाजू. भोक नीट काढा हां."

मी चित्र काढलं. चांगलं काढलं. आणि मग तीन रात्री ते नाणं माझ्या टेबलावर पडून होतं आणि मी त्या भोकाकडे बघत होतो.

सोनाराच्या घरात वाढलेल्या माणसाला तुटायला आलेली कडी बघवत नाही. भिकाऱ्याच्या बायकोच्या जोडव्याला चीर दिसली तरी हात शिवशिवतो. मी स्वतःला सांगितलं, हे विद्वानांच्या हातात तुटलं तर? मास्तरांची शपथ? हे खरंच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं, ते आज लिहितो: मला वाटलं, ते विद्वान नाणं हातात घेतील आणि म्हणतील, वा, किती सुबक जपलं आहे. सगळं मास्तरांचं चाललं होतं. त्यात माझं काहीतरी असावं.

वडिलांची पेटी उघडली. टाकणखार लावला, फुंकणी घेतली, त्या पातळ कडेवर एक थेंबभर वितळत्या चांदीची झाळ द्यायची, एवढंच. पण काशाचा मला सराव नव्हता. ज्योत पसरली. हळद जळाली, वरची काळी साय गेली आणि झाळ पाण्यासारखी धावून भोक भरून बसली. राजाच्या हनुवटीखाली एक गुळगुळीत पांढरट टिकली.

भोक पुन्हा पाडायलाच हवं होतं. मी नाणं लाकडावर ठेवलं, भोक पाडायचा पोगर घेतला, हातोडी उचलली, आणि आमच्या सात पिढ्यांचा हात जिथे जातो तिथेच माझा हात गेला. पोगर आरपार गेल्यावर मी पाहिलं. भोक राजाच्या डोक्यावर होतं.

नंतर मी भोकाच्या कडा घासून गोल केल्या, त्याही सवयीनेच. काजळी, करंजेल आणि हळद एकत्र करून नाणं माखलं. वरवर पाहिलं तर जुनं दिसत होतं. आणि मी मनाशी म्हणालो, मास्तरांना कुठे दिसतंय. हे वाक्य मी त्यांच्या बारा दिवसांच्या आंधळेपणावर उभं राहून म्हणालो, हे मला त्याच क्षणी कळत होतं.

विद्वान आले. शाळेच्या ग्रंथालयात सतरंजी घातली, हेडमास्तर, दोन वकील, चार मास्तर बसले. मास्तरांना वाचता येत नव्हतं, तेव्हा लेख मी वाचायचा होता. मी उभा राहून वाचत होतो आणि नाणं विद्वानांच्या तळहातावर होतं.

"या नाण्याचे छिद्र," मी वाचलं, "राजाच्या मुखाच्या वर नसून..." आणि मी वाक्य अर्धवट सोडून पान उलटलं.

"नसून?" विद्वान म्हणाले.

"नसून, हनुवटीखाली आहे."

विद्वानांनी नाणं उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीकडे धरलं. "अहो, हे तर डोक्यावर आहे."

"नाही, नाही," मास्तर हसत म्हणाले. "आपण उलटं धरलं असेल."

"राजाचं नाक कुठे असतं ते मला कळतं, मास्तर."

वकील हसले. मास्तरांनी हात पुढे केला. त्यांनी नाणं घेतलं, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख कडेवरून फिरवत गेले. हनुवटीखाली थांबले. पुन्हा वर गेले. मी पाहत होतो.

"हे भोक नवं आहे," मास्तर म्हणाले. "आठ-दहा दिवसांचं. खालचं बुजवलंय. पोगराने पाडलंय, म्हणजे माणूस सोनार. घाबरलेला होता, एकदा पुरे होतं तिथे दोनदा ठोकलंय. पण हात चांगला आहे. दोरा कापू नये म्हणून कड गोल केली आहे. इतक्या घाईत कोणी ते करत नाही." मग ते जरा थांबून म्हणाले, "वाईट मनाने केलेलं नाही."

"सोयीचं आहे," विद्वान म्हणाले. "साक्षीदार उलटला की साक्षीदार बदलला म्हणायचं. आणि हा सोनार कोण?"

एक वाक्य. "मी केलं." एवढं म्हटलं असतं तर हेडमास्तर होते, वकील होते, त्यांच्यासमोर सिद्ध झालं असतं की लेख बरोबर आहे आणि माझ्या हातून चूक झाली. लेख छापला गेला असता. माझी नोकरी फार तर गेली असती; तीही गेली नसती.

मास्तर म्हणाले, "ते भोकात दिसत नाही."

मी कागदांची घडी घातली.

लेख मनोरंजक आहे, असं विद्वान निघताना म्हणाले. मनोरंजक हा शब्द मी तेव्हापासून कोणाविषयी वापरत नाही.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं नाणं परत करायला निघालो. शिंदखेड्यापासून दमणीची दोन तासांची वाट. मास्तर कापसाविषयी बोलले, बैलाच्या शिंगांविषयी बोलले, मध्ये बराच वेळ गप्प बसले. आज मला वाटतं, ते गप्प बसणं माझ्यासाठी होतं. मी बैलाच्या शिंगांकडे बघत राहिलो.

म्हातारी अंगणात बसली होती, डोळ्यावर मास्तरांचा चष्मा लावून.

"चांगला शे," ती म्हणाली. "बठ्ठं मोठं दिसस. मनी सून बी."

सून आतून काहीतरी पुटपुटली. मास्तरांनी चष्मा घेतला, धोतराला पुसून नाकावर चढवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभर. मग त्यांनी नाणं म्हातारीच्या हातात दिलं. "आजी, शपथ पाळता आली नाही. जसं होतं तसं नाही राहिलं."

म्हातारीने त्यात दोरा ओवला, नातवाच्या गळ्यात घातला, त्याला मांडीवर बसवलं आणि त्याच्या खांद्यावरून वाकून, अंगठ्याने नाणं वर उचलून पाहिलं. तिचा चेहरा पडला.

"मास्तर, राजा उलटा व्हयी गया."

मास्तर उडालेच. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा!"

"उलटा व्हयी गया!"

"अक्का, ऐकलं? मी काही शिकवलं नाही हां यांना! ड्रॉइंग, ऐकलं? त्यांना उलटा दिसतोय! त्यांच्या बाजूने! पहिला सरळ होता!" कोट सांभाळत ते अंगणात गोल फिरले. शेजारचे लोक कुडावरून डोकावू लागले. अक्का म्हणाल्या, "अहो, त्या बाईचा देव उलटा झालाय आणि तुम्ही नाचताय काय?"

मास्तर थांबले. ओशाळले. म्हातारीने नाणं मुठीत घट्ट धरलं होतं.

"कोनी करं हाई?"

मास्तर कडुलिंबाकडे बघू लागले. अक्का चपलेकडे. सगळं अंगण माझ्यासाठी मोकळं झालं होतं.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो. "ते सोनार आहेत. त्यांना वाटलं, दुरुस्त करावं."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. "तुना बापले सांग," ती म्हणाली, "खंडेराव देखी लई." देव बघून घेईल. शापच तो.

दमणी गावाबाहेर आली, नाला ओलांडला. मग मास्तर म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि भोक किती मध्यावर पाडलंय." त्यावर ते पुन्हा कधीच काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेत "काय ड्रॉइंग?" तसंच, त्याच आवाजात. त्यांनी आवाज बदलला असता तर मी सुटलो असतो.

पुढच्या रविवारी ते एकटेच कुठेतरी गेले. ठसा घ्यायला, असं अक्का म्हणाल्या. अक्कांशिवाय ते कधी जात नसत, पण मला विचारायचं धाडस नव्हतं.

वडील त्यानंतर सहा वर्षं जगले. अंगणात ते ठेचकाळले, ताप आला, पायाला विंचू चावला, की मला ती म्हातारी आठवायची. ते गेले तेव्हा आम्ही सगळे भोवती होतो, आणि त्यांना काही त्रास झाला नाही. आणि ते गेल्यावर मी काय केलं? ज्याने कोणी त्या नाण्याविषयी विचारलं त्याला, जरा हसून, सांगत आलो: आमच्या वडिलांना हौस भारी, दिसत नव्हतं तरी दुरुस्त करायला गेले. मेलेल्या आंधळ्या माणसावर घातलेलं हे ओझं मी वीस-बावीस वर्षं तिथेच राहू दिलं.

मास्तर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लेख कुठे छापला गेला नाही.

या वैशाखात मी त्या गावाला गेलो. सर्व्हिस मोटार आता निम्म्या वाटेपर्यंत जाते, उरलेलं चाललो. म्हातारी आता नाही. तो चार महिन्यांचा नातू आता मिशीवाला बाप्या झाला आहे, आणि त्याचा मुलगा अंगणात रांगत होता. मुलाच्या गळ्यात नाणं होतं. नातवाच्या बायकोने मला ओटीवर बसवलं. मी म्हणालो, नाणं बघू का?

"देखा ना," ती म्हणाली आणि पोराला उचलून जवळ आणलं. "हाई वरलं शे ना, हाई मास्तरनं भोक. आमना घरमा पोऱ्याले पहिला दोरा याच भोकमाईन घालतस."

"मास्तरांचं?"

"हां. धुळाना मोठा मास्तर व्हतात. मनी आजीसासूनी सांगेल शे." आणि तिने मला, शंभर वेळा सांगितलेली गोष्ट सांगावी तसं, सांगितलं. नाणं परत दिल्यावर आठ दिवसांनी मास्तर एकटेच उन्हातून चालत आले. खंडेरावाच्या टाकांसमोर त्यांनी नाक घासलं. म्हणाले, भोक मी पाडलं. त्या सोनारबाबांनी नाही. त्यांना काही करू नको, करायचं ते मला कर. म्हातारी रडली. एवढा शिकलेला माणूस आपल्या देवासमोर नाक घासतो म्हटल्यावर तिने देवाला सांगितलं, जाऊ दे. आणि त्या वर्षी पोराला दात सुखाने आले.

मी म्हणालो, "बाई, ऐका. ते मास्तरांनी नाही पाडलं. माझ्या वडिलांनीही नाही. मी पाडलं. हे सांगायलाच मी आलो आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा कठीण झाला. पोराला तिने दुसऱ्या कडेवर घेतलं, नाणं पदराआड केलं.

"मास्तरनी पाडं व्हतं," ती म्हणाली. "देवना मोरे सांगेल शे त्यासनी."

"ते खोटं बोलले. माझ्यासाठी."

"देवना मोरे खोटं? तो मानूस?" ती ओटीवरून उठली. "मास्तरनं भोक तुमले आपला नावे करानं शे का?"

मी हात जोडले, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. पोगर, टाकणखार, वडिलांची पेटी, ग्रंथालय. बोलताना आवाज चढला असावा. तिचा नवरा गोठ्यातून बाहेर आला आणि दाराशी उभा राहिला.

"काय व्हयनं?" त्याने विचारलं.

"काही नई," ती म्हणाली. "हाऊ बाबाले ऊन लागनं. पानी आना."

त्याने तांब्या आणला. गार पाणी होतं. दोघंही मी पिईपर्यंत समोर उभे राहिले, आणि मी ते सगळं प्यालो.